मोठा वाटा सुधाकरचा

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाराज होतो. म्हणजे शाळेच्या गॅदरिंगची तालीम चालू होती, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट होता आणि ओठांवर डिंकाने चिकटवलेल्या मिशा. पुण्याहून वैशालीवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे सकाळी उठलेच नाहीत हो..." मी मटकन खाली बसलो. मुलांना वाटलं सर अभिनय करताहेत, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मिशी ओघळून हनुवटीवर आली, आणि खरं सांगतो, पहिला विचार मनात आला तो हा की हे बघायला सुधाकर पाहिजे होता. हसून हसून लोळला असता बेटा!

सुधाकर आमच्या दिंद्रुडचा, शाळेत माझ्याच बाकावरचा. पुढे पुण्यात मोबाइल बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. मोठ्या पडद्याच्या टॅबवर एकाच वेळी दोन कामं करायची असतील, तर माणसाने हाताची कोणती हालचाल करावी, हे ठरवायचं त्याचं काम. त्याची आई गावात सांगायची, "माझ्या पोराला काचंवर बोटं फिरवायचा पगार हाय." तो म्हणायचा, "दत्त्या, दोन कामं शेजारी-शेजारी उघडायची सोय कवाचीच हाय बे. पण लोकांना तिथवर जायची वाटच सापडत न्हाई."

ती वाट शोधायला तो गावी यायचा. गफूरभाईंच्या हॉटेलात पेपर एकच येतो आणि वाचणारे दहा. एकाच्या हातातलं पान दुसरा न विचारता अलगद ओढून घेतो. सुधाकरने तीच हालचाल उचलली. पडद्याच्या कडेला बोट टेकवून पान ओढायचं, की दुसरं काम शेजारी हजर! मोठ्या तोऱ्यात त्याने टॅब कोंडिबा आप्पांच्या हातात दिला. आप्पा हॉटेलातले सगळ्यात जुने वाचक. त्यांनी टॅब ऐटीत मांडीवर घेतला, बोट जिभेला लावलं आणि ओलंचिंब बोट काचेवर ओढलं. काच पिसाळली! बातमी पळाली, कीर्तन सुरू झालं, मध्येच कुणाला तरी फोन लागला आणि आतून आवाज आला, "हॅलो, कोन बे?" आप्पांनी घाबरून टॅब पुढच्याकडे सरकवला. त्यानेही बोट चाटलं. त्याच्या पुढच्यानेही! कित्येक महिन्यांची मेहनत जिभेसरशी पुसली गेली. "मी ते इतकं कागदासारखं केलं," सुधाकर कपाळाला हात लावून म्हणाला, "की ह्यांनी त्याला कागदच समजून टाकलं!"

दुःखात माणूस भत्ता खातो. गफूरभाईंनी रद्दीच्या कागदावर चुरमुरे, शेव, शेंगदाण्यांचा ढीग ओतला. शाळेपासूनच्या सवयीने सुधाकरने हाताची कड ढिगाच्या मधोमध ठेवली. "हे तुझं, हे माझं." आणि शाळेपासूनच्याच लबाडीने, "ते बघ, हेडसर आले" म्हणत हात हळूच माझ्या बाजूला सरकवला. मी भर हॉटेलात ओरडलो, "हात हालला बे! हात हालला!"

तो आपल्या हाताकडे बघतच राहिला... मग ताडकन उठला. "दत्त्या, हीच तर लबाडी पाहिजे! मधी हात ठेवला की दोन वाटे. सरकवला की एक मोठा, एक बारका! शिकवायचं कामच न्हाई!" तो टेबलांमधून नाचत होता. तेवढ्यात त्याचा वाटा मी संपवला.

पण घोडं अडलं पुण्यात. लिहिताना हात टेकतो म्हणून तळहाताकडे दुर्लक्ष करायचं, हेच तर टॅबला मुद्दाम शिकवलेलं असतं. वरिष्ठ बाई म्हणाल्या, काच ज्या हाताला ओळखतच नाही त्याचीच खूण कशी करणार? सुधाकरने काचेला टेकलेला तळहात आणि उभी ठेवलेली हाताची कड यांतला फरक ओळखायला शिकवलं, तेव्हा कुठे त्या स्वतः दिंद्रुडला बघायला यायला तयार झाल्या. अट एकच, कुणीही काही शिकवायचं नाही. जमलं नाही तर ही कल्पना कायमची बासनात.

काय दिवस होता तो! हॉटेल खचाखच भरलेलं. सुधाकरने मला माझ्याच हातांवर बसवलं होतं. "आन् तोंड तिकडं कर, तुझा चेहराबी बोलतो." टॅबवर कीर्तन चालू. बाई म्हणाल्या, "आप्पा, हे चालूच राहू द्या आणि शेजारी बाजारभाव बघा. कसं कराल?" आप्पा विचारात पडले. बोट वर आलं... जिभेकडे निघालं... सुधाकरने डोळे मिटले. बोट हवेतच थांबलं. "म्हंजी वाटनी करायची का?" असं म्हणून आप्पांनी हाताची कड पडद्याच्या मधोमध ठेवली.

पडदा दुभंगला! एका बाजूला कीर्तन, दुसऱ्या बाजूला बाकीची कामं ओळीने उभी. आप्पांनी बाजारभावावर बोट ठेवलं आणि मधला हात कीर्तनाकडे सरकवला. "कीर्तन कानानं ऐकायचं, त्याला जागा कशाला लई? भाव डोळ्यानं बघायचा हाय." बाई खुर्चीवरून उठल्या, "बघू, मला करू द्या," म्हणाल्या आणि चार-पाच वेळा पडदा फाडून बघितला. मी अशी आरोळी ठोकली की गफूरभाईंच्या हातातली किटली सांडली!

ती खूण नव्या टॅबमध्ये आली. चाचणीचा जुना टॅब सुधाकरने मला दिला. पण त्यात कितीही नेमका मधोमध हात ठेवला, तरी डावा भाग मोठा आणि उजवा लहान. मी फोन केला, "कावून बे असं?"

"डावा वाटा माझा हाय," पुण्याहून उत्तर आलं. "कावून म्हंजी? शाळेपास्नं असंच हाय की!"

परवा टॅबची काच बदलायला माजलगावला गेलो. दुकानदार म्हणाला, "मास्तर, यात बिघाड हाय. हे जुनं सॉफ्टवेअर काढून नवं टाकतो, दोन्ही बाजू सारख्या होत्यात." त्याचं बोट बटणावर पोचलंच होतं. मी महाराजांच्या आवाजात "खबरदार!" म्हणून गरजलो. गिऱ्हाईकं दचकली. टॅब छातीशी धरून मी तडक दिंद्रुडला आलो.

गफूरभाईंच्या हॉटेलात नेहमीच्या टेबलावर टॅब ठेवला, मधोमध हात टेकवला. डावा मोठा, उजवा लहान. इकडेतिकडे बघितलं आणि हात हळूच डावीकडे सरकवला. माझा वाटा मोठा झाला. जन्मात पहिल्यांदा! मी थांबलो... कुणी ओरडलं नाही.

मग मुकाट्याने रेघ होती तिथे नेऊन ठेवली.