पाठ झालेल्या नद्या

माझ्या वडिलांना फोनवर ‘कसा आहेस’ असं विचारता येत नाही. ते नदी विचारतात. शनिवारी संध्याकाळी इथे अमेरिकेत, रेडमंडला मी आठवड्याचे कपडे मशीनला लावत असतो, तिकडे देवासला रविवारची सकाळ झालेली असते, आणि फोन उचलला की पहिला प्रश्न येतो, “बेतवा कुठून निघते?” मी म्हणतो, “रायसेन जिल्हा, कुमरागाव.” “मिळते कुठे?” “यमुनेला, हमीरपूरजवळ.” मग ते “हं” म्हणतात. माझी तब्येत, नोकरी, संसार सगळं जागेवर आहे हे त्यांना तेवढ्यावरून कळतं म्हणे. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात, त्यामुळे मीही मुकाट उत्तरं देतो. कधी फार दमलेलो असलो तर वैतागून म्हणतो, बाबा, आज नको. तेव्हा ते नदी सोडून डोंगर विचारतात.

बाबा कलेक्टर कचेरीत बाबू होते. बत्तीस वर्षं फाइल हातात धरून साहेबाच्या टेबलापुढे उभे राहिले. साहेब कधीकधी माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा असायचा. बाबांनी त्याबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही, पण मी टेबलाच्या पलीकडे बसायचं हे त्यांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं. मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो. राज्यसेवेची परीक्षा मी चार वेळा दिली.

त्या वर्षांत बाबा रोज सकाळी माझ्या उशाशी चहा आणि मध्य प्रदेशचा एक कोरा नकाशा ठेवायचे. नुसती हद्द. ती त्यांनी ट्रेसिंग पेपर धरून स्वतः काढलेली असायची, रोज नवी. आंघोळीच्या आधी मी त्यात भरायचं. नद्या निळ्या पेनाने, विंध्य, सातपुडा, मैकल तपकिरी, जंगलं हिरवी. पूर्वेला साल, बाकी बहुतेक सागवान. नर्मदा आणि शोण दोघी अमरकंटकच्या, पण एक पश्चिमेला जाते आणि दुसरी उत्तरेला. चंबळ जानापावची, तापी मुलताईची. एखादी नदी चुकली की बाबा लाल पेनाने रागावून नाही, अगदी हळुवार गोल करायचे. त्या हळुवारपणाचाच मला जास्त धाक वाटायचा.

बघितलं म्हणाल तर मी काहीच नाही. क्षिप्रा घराजवळची म्हणून पाहिली, आणि खंडव्याला लग्नाला जाताना बसच्या खिडकीतून नर्मदा. बाजूच्या बाईने हात जोडले तोवर पूल संपलासुद्धा. एकदा मित्र पचमढीला चालले होते. मी म्हटलं, बाबा, जाऊन येतो, धूपगड बघून होईल, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर आहे. बाबा म्हणाले, “निकाल लागू दे. मग सरकारी गाडीतून जाशील.” निकाल लागला, दोनदा मुख्य परीक्षेत आपटलो. सत्ताविसाव्या वर्षी मी पुण्याला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी धरली, लग्न केलं, आणि कंपनीने पाठवलं म्हणून इथे आलो. गाडी मिळाली, पण सरकारी नाही.

आता इथे बघा. बस डोंगरातून, झाडांतून, दोन तळ्यांच्या मधून मला ऑफिसला नेते आणि मी मान खाली घालून मीटिंगची तयारी करत असतो. आठ-आठ महिने पाऊस. तोही धड कोसळत नाही, नुसता रेंगाळत राहतो. एखाद्या दिवशी आभाळ मोकळं झालं की ऑफिसात सगळे खिडकीशी जमून म्हणतात, आज माउंटन दिसतोय. मी पण उठतो, ते लांबचं बर्फाचं शिखर बघतो, परत बसतो. खोटं कशाला बोलू, मला काही वाटत नाही. नऊ वर्षांत इथल्या एका झाडाचं नाव मला सांगता आलं नाही. माझ्या लेखी सगळी पाइन.

माझी मुलगी इथलीच, नऊ वर्षांची. ती शाळेच्या सहलीतून येते आणि मला दुरुस्त करते. “बाबा, दॅट्स अ हेमलॉक. लुक ॲट द टॉप, इट बेंड्स.” एका शनिवारी ती आमचा फोन ऐकत बसली होती. मी धडाधड नद्या सांगत होतो. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, “यू वेंट टू ऑल दीज?” मी म्हटलं, नाही गं. “एनी?” मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, “दॅट्स सो सॅड.” त्या दिवशी फोनवर मी तिच्या आजोबांवर उगाच चिडलोही होतो, ते तिला दिसलं असावं.

तर फॉर्मची गोष्ट. मी पुण्याला गेलो तरी बाबा दरवर्षी माझा परीक्षेचा फॉर्म भरत राहिले. वेबसाइटवर खातं माझ्या नावाचं, पण मोबाइल नंबर त्यांचा, त्यामुळे माझी गरजच नसते. परीक्षेच्या आधी प्रवेशपत्राचा फोटो मला व्हॉट्सॲपवर येतो. त्यावर मी सत्तावीस वर्षांचा, मिशी ठेवलेला, कपाळावर केस. हा फोटो त्यांनी कधी बदलला नाही. खाली केंद्राचं नाव, रिपोर्टिंगची वेळ. मी दरवर्षी अंगठा दाखवायचो आणि विषय संपायचा. सुरुवातीला हसू यायचं, मग कंटाळा, आणि गेली दोन-तीन वर्षं ते उघडायलाही नको वाटायचं. कारण बाबा थट्टा करत नव्हते. माझी इथली नोकरी ही त्यांच्या हिशेबी मधली सुट्टी होती. मुलगा येणार, साहेब होणार, देवासला नाही तर सिहोरला, पण होणार.

यंदा ते संपणार होतं. वयाच्या अटीत मी शेवटचा बसत होतो. बायको म्हणाली, “सांगून टाक ना यार एकदा. त्यांना असं लटकत ठेवणं बरं नाही.” तिचं खरं होतं. परीक्षेच्या आठवडाभर आधी, शनिवारी, मी कपडे तसेच ठेवले, दार लावून बसलो, आणि त्यांनी नदी विचारायच्या आत बोलून टाकलं. “बाबा, ऐका. मी येणार नाही. परीक्षेला नाही आणि तसाही नाही. आमचं सगळं आता इथेच आहे. पुढच्या वर्षी वयही बसत नाही. हे आता थांबवा.”

ते म्हणाले, “बरं.” नंतर पोरीची चौकशी केली. मग म्हणाले, “तुमच्या तिकडे नदी कुठली रे?” इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, घराजवळ सॅमामिश म्हणून आहे. एका तळ्यातून निघते, दुसऱ्या तळ्याला मिळते. “एवढीच?” म्हटलं, एवढीच. “हं,” म्हणाले. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नुसता थकवा आला, पायरीवर बसून राहिलो.

पुढच्या शनिवारी त्यांचा फोन नेहमीच्या वेळेला आला नाही. नऊ वाजता आला, तोही व्हिडिओ. इथे जूनमध्ये तेव्हाही उजेड असतो. पडद्यावर आधी त्यांचा कान दिसला, मग परीक्षेचं केंद्र असलेल्या शाळेचं फाटक, भिंतीला चिकटवलेल्या याद्या, आणि बाहेर उभे असलेले आई-बाप. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता, आत खोचलेला.

“बाबा, तुम्ही तिथे काय करताय?”

“दरवर्षी येतो,” ते म्हणाले. “यादीत तुझं नाव असतं. बघून येतो.”

मी परीक्षा द्यायचो तेव्हा ते असेच बाहेर थांबायचे. पण मी सोडल्यावरही तेरा वर्षं ते कडक उन्हात जाऊन त्या भिंतीवर माझं नाव वाचत होते, हे मला माहीत नव्हतं. मला भयंकर लाज वाटली, आणि तितकाच रागही आला. म्हटलं, घरी जा, मी सांगितलंय तुम्हाला. तेवढ्यात त्यांच्या शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. बाबांनी फोन खाली घेतला. मला त्यांच्या चपला दिसत होत्या आणि आवाज ऐकू येत होता.

“आपका बच्चा?”

“हां, बेटा है,” बाबा म्हणाले. “अंदर गया.”

“कौनसा अटेम्प्ट है?”

“आखरी.”

तो माणूस काहीतरी शुभेच्छांचं बोलून गेला. बाबांनी फोन वर घेतला. मी म्हटलं, “असं कशाला सांगितलंत, बाबा?”

“मग काय सांगू?” त्यांनी शांतपणे विचारलं. मग म्हणाले, “आता सुटेपर्यंत थांबायला लागेल. सगळ्यांसमोर असा मधेच कसा निघू? डबा आणलाय.”

मी त्यांना परत पाठवायचं म्हणून शब्द जुळवत होतो. सावलीत बसा, एवढंच निघालं. आत कुठेतरी घंटा झाली आणि फाटकापाशी उभे असलेले सगळे लोक गप्प झाले. बाबांनी तोंडावर आडवा हात धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “ठेवतो आता. पेपर सुरू झाला.”