समोरच्या भाऊंचं विचारणं

मागच्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी, रक्कम रुपये साडेचारशे, वस्तू एक प्लास्टिकची खुर्ची. हजर: मी, माझी पत्नी, शेजारचा टेलर, त्याची सासू, आणि हातगाडीवर खुर्च्या घेऊन आलेला विक्रेता. समोरच्या भाऊंना खुर्ची घ्यायची होती. त्यांनी आम्हा चौघांना विचारलं, आणि मग विक्रेत्यालाही विचारलं, "तू सांग बावा, मी घेऊ का?" तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "काका, मी तं विकून राह्यलो." भाऊ म्हणाले, "म्हणूनच इचारतो. तुले जास्त समजते." टेलरच्या सासूला लाल रंग पसंत नव्हता. खुर्ची त्या दिवशी घेतली गेली नाही. पुढच्या आठवड्यात निळी आली तेव्हा सासूबाईंनी मान डोलावली आणि व्यवहार झाला. चंद्रपुरात मी पन्नास वर्षं काढली. लोकांना इतकं विचारणारा आणि विचारल्यावर उत्तर खरंच ऐकणारा दुसरा माणूस मला या शहरात भेटला नाही.

आता विचारणं हा शब्द आपण सगळेच वापरतो. मी बांधकाम खात्यात हिशेब तपासतो. आमच्याकडे "वर विचारतो" म्हणजे फाइल यंदा परत येत नाही. दुकानात "घरी विचारून येतो" म्हणणारं गिऱ्हाईक पुन्हा दिसत नाही. उसने मागणाऱ्याला "बायकोले इचारून सांगतो" म्हटलं की तो पुढच्या घरी जातो. आणि घरात "कोणाले इचारून केलं?" असं कोणी म्हटलं की त्या संध्याकाळी जेवण शांततेत होत नाही. म्हणजे या शब्दाने आपण काम टाळतो, नाही तर भांडण सुरू करतो. भाऊंना हे उपयोग ठाऊकच नव्हते. त्यांच्या लेखी विचारणं म्हणजे माणसाच्या दारात जायचं, बसायचं, आपली गोष्ट सांगायची आणि तो बोलेपर्यंत उठायचं नाही. सल्ला हा शब्द त्यांना आवडत नसे. "सल्ला वकील देते, फी घेऊन," म्हणायचे. "आपल्या माणसाले इचारा लागते."

ते धानोऱ्याकडच्या एका जंगलातल्या गावचे, गोंड. त्यांच्या गावात मत मोजत नाहीत. सगळे बसतात, आणि एकाचंही मन नसेल तर पुन्हा बसतात. ज्याला पटत नाही त्याला दाबायचं नाही, त्याच्याजवळ बसायचं. भाऊ तरुणपणी सरकारी जीपवर ड्रायव्हर म्हणून चंद्रपुरात आले आणि ही रीत सोबत घेऊन आले. जीपवर तिचे हाल झाले. रस्त्याला दोन फाटे फुटले की भाऊ गाडी थांबवायचे. साहेब "डावीकडे" म्हणायचे. भाऊ मागे वळून शिपायाला विचारायचे, मग खाली उतरून गुराख्याला. एकदा साहेब चिडून म्हणाले, "मी सांगतोय ना?" भाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगतलं. पण हा पण गाडीत बसला आहे नं." त्यांच्या नोकरीत साहेब बदलत गेले, गाडी मात्र कधी कुठे आदळली नाही. उशिरा पोचली, इतकंच.

घराच्या रंगाचंही तेच. माझ्या पत्नीला पिस्ता हवा होता, टेलरला भगवा, वहिनींना (म्हणजे भाऊंच्या पत्नीला) निळा. भिंत तीन पावसाळे तशीच राहिली आणि शेवटी पांढरा चुना मारला, कारण चुन्याला कोणाचीच ना नव्हती. मुलीच्या मुलीचं नाव ठेवायला त्यांनी अख्ख्या गल्लीला विचारलं. नावावर एकमत होईना, तोवर पोर चालायला लागली, "पोरी" म्हटलं की धावत यायची. मतदानाच्या आदल्या दिवशी ते माझ्या ओट्यावर बसले. मी म्हटलं, "भाऊ, मत गुप्त असते. कोणाला सांगायचं नसतं." "मंग इचारू कोणाले?" ते म्हणाले.

यंदा होळीच्या सुमारास त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. शुगर जुनी होती, चपलेचा खिळा लागलेला समजलाच नव्हता. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, अंगठा काढावा लागेल, आठवड्याच्या आत, नाही तर विष वर चढेल. भाऊ घरी आले आणि विचारायला निघाले. लंगडत, एकेका दारात. गल्लीचं उत्तर एकच होतं. टेलर कात्री हातात धरूनच म्हणाला, "काढून टाका भाऊ, अंगठाच तं आहे." मी म्हटलं, काढा. वहिनी म्हणाल्या, काढा. एका संध्याकाळी सगळ्यांचा होकार जमा झाला. इतक्या लवकर आमचं कशावरही एकमत झालं नव्हतं.

"आता बाई राह्यली," भाऊ म्हणाले. बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, हिनेच त्यांना वाढवलं. ती गावात एकटी राहते. मी म्हटलं, "भाऊ, फोनवर सांगा. नाही तर नंतर सांगा. पाय तुमचा आहे." ते म्हणाले, "तिले इचारलो नाई, तं तुम्हाले तरी काऊन इचारलो? मंग तुमचंही हो धरू नोका." हे बरोबर की चूक ते मला ठरवता आलं नाही. मी तीन दिवसांची रजा टाकली आणि त्यांच्यासोबत बसमध्ये बसलो.

मोहाचे दिवस होते. सकाळी झाडाखाली फुलांचा सडा पडलेला, आणि बाई खाली बसून टोपलीत वेचत होती. सत्तरीच्या पुढची, बारीक, ताठ. भाऊ तिच्याजवळ जमिनीवर बसले, पायावरचं फडकं सोडलं आणि गोंडीत बोलू लागले. मला भाषा कळत नव्हती, पण काय चाललंय ते कळत होतं. तिने पाय पाहिला. हात लावला नाही. वेचत राहिली. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "तुम्ही लोकायनं हो म्हणलं?"

"हो बाई. सगळ्यांनी."

"किती वेळात?"

"एका संध्याकाळात," मी म्हटलं.

"ह्या पायाले मी तेल लावून लावून चालाले शिकवलो," ती म्हणाली. "मी हो म्हणलो, तं कापणाऱ्याच्या हाताले माझाही हात लागते. लगेच कशी म्हणू?"

तिचं म्हणणं मला पटलं, आणि म्हणूनच मला भीती वाटली. आम्ही गल्लीत नुसतं मत दिलं होतं. बाई स्वतःचा वाटा उचलायचा की नाही हे ठरवत होती. त्या दिवशी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाऊंनी पुन्हा शेजारी बसून विचारलं. तिने त्यांना जेवायला वाढलं, पेज थंड करून दिली, आणि बोलली नाही. मी रोज पायाकडे पाहत होतो. काळेपणा अंगठ्यावरून शेजारच्या बोटावरही आला होता. तिसऱ्या दिवशी मी हात जोडले. "भाऊ, चला. गाडीत तिला समजावू." त्यांनी नकार दिला. "तिले दाबू नोका. तुम्ही जा. पोरीले सांगजा, आजा येऊन राह्यला." मी परत आलो. ऑफिसात आकडे तपासत होतो, पण एकच बेरीज पुन्हा पुन्हा करावी लागत होती.

भाऊ आले तेव्हा डॉक्टरांनी दिलेली मुदत उलटून गेली होती. सोबत बाई होती. झाडाखाली एका सकाळी ती आपण होऊन "हो" म्हणाली होती. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि आम्हाला बाहेर बोलावलं. आता अंगठ्याने भागणार नाही, गुडघ्याखालून काढावा लागेल. मला वाटलं आता तरी भाऊ नुसती मान हलवतील. ते स्ट्रेचरवरून बहिणीला म्हणाले, "बाई, अंगठ्याचं इचारलो होतो. हे पायाचं आहे." या वेळी तिने क्षणही लावला नाही. "हो," म्हणाली, आणि कागदावर वहिनींच्या सहीशेजारी आपला अंगठा उमटवला. तिथे तिच्या अंगठ्याची गरज नाही असं नर्स सांगत होती. तिने ऐकलं नाही.

ऑपरेशन नीट झालं, पण विष आधीच वर गेलं होतं. पाच-सहा दिवस भाऊ होते. मी भेटायला गेलो तर क्षीण आवाजात विचारायचे, खिडकी उघडी ठेवू का, आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटलाही विचारायला सांगायचे. एका पहाटे ते गेले.

दिवसकार्य होईपर्यंत बाई आमच्या गल्लीत राहिली. मग ती एकेका दारात जाऊन बसू लागली. प्रत्येक घरी एकच प्रश्न: "मी उशीर केलो का?" टेलर म्हणाला, नाही बाई, त्यांचं तेवढंच होतं. त्याची सासू म्हणाली, देवाची मर्जी. सगळ्यांनी लगेच, प्रेमाने, नाही म्हटलं. शेवटी ती माझ्याकडे आली. पत्नीने चहा ठेवला. मला डॉक्टर काय म्हणाले ते माहीत होतं, तारखाही माहीत होत्या. लगेच काही बोलू नये एवढं मी समोरच्या भाऊंकडे पाहून शिकलो होतो. ती बसली होती, मीही बसून राहिलो. चहावर साय आली.

"झाला, बाई," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाले, आधी आले असते तर अंगठ्यावर निभावलं असतं."

माझी पत्नी माझ्याकडे पाहू लागली. बाईने डोळे मिटले, मग उघडले. "आधी म्हणलो असतो, तं ते हो माझं नसतं," ती म्हणाली. नंतर साय बाजूला करून तिने चहा पूर्ण प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिला स्टँडवर सोडायला मीच गेलो. बस सुटायला वेळ होता म्हणून आत चढून तिच्या शेजारी बसलो. आम्ही फार बोललो नाही. तिने विचारलं, मोहाचा पैसा चंद्रपुरात जास्त येतो का. मी म्हटलं, चौकशी करून कळवतो, आणि ते खरंच मनापासून म्हटलं. कंडक्टर आला तशी ती पदराची गाठ सोडू लागली. बायकांना तिकीट अर्धं आहे. ते पैसे मी तिला न विचारता कंडक्टरच्या हातात दिले. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि गाठ परत बांधली.