बाबांची आमटी

बाबा गेले आणि जयपूरच्या मानसरोवर भागातलं घर माझं झालं, वरच्या भाडेकरू बाईंसकट. छत गळतंय म्हणाल्या, म्हणून मालकाच्या तोऱ्यात माझ्याकडची किल्ली लावून सरळ आत शिरलो.

“भैया, आधी कळवायचं असतं,” त्यांनी हिंदीत सुनावलं. कायदा त्यांच्या बाजूने, आणि दुरुस्तीही माझ्याच गळ्यात! धुसफुसत छत बघत होतो, तेवढ्यात गोड्या मसाल्याचा वास आला. आमच्या घरची आमटी, जयपूरच्या या बाईंकडे? म्हणे बाबांनी शिकवली. मला त्यांनी साधा चहा करून दिलेला आठवत नाही.

“जेवून जा.” मी नाही म्हटलं.

मी जिना उतरत होतो, तेव्हा आतून त्यांची मुलगी कुरकुरली, “आमटी खालच्या बाबांसारखी नाही झाली.”

तेवढंच जरा बरं वाटलं.