बघाल तेवढी बॅटरी उतरते

किस्से कुणी ठरवून सांगत नाही. आमच्या नेरे गावात दुपारी मेथीची जुडी सोडली, की चार बाया आपोआप गोळा होतात आणि पानं खुडता खुडता एकेक गोष्ट निघते. भाजी संपते, गोष्टी उरतात. आमच्या फाटकावर कॅमेरा बसला, तेव्हापासून तर त्याच्याच इतक्या साठल्यात की मेथी पुरत नाही.

* * *

सुरुवात झाली सुमनच्या गॅसच्या टाकीपासून. सुमन माझी भावकीतली जाऊ. घरं शेजारी, अंगण एक, फाटकही एकच. तिची भरलेली टाकी भर दुपारी ओट्यावरून गेली. हल्ली आळीत निम्म्या खोल्या भाड्याने दिलेल्या. सकाळी सगळे कामाला जातात, आणि कोण कुणाचा पाहुणा ते कळत नाही. सुमन म्हणाली, कॅमेरा घेऊ.

आमचे हे हिंजवडीत एका कंपनीत सिक्युरिटीला आहेत. कंट्रोल रूममध्ये बसून भिंतभर पडदे बघायचे, हीच ड्युटी. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "चोरानं न्यावं असं हाय काय आपल्यात? हिची मेथी?"

* * *

कॅमेरा आणायला आम्ही दोघीच गेलो. फाटकापाशी लाईटचा पॉइंट नाही. वायर ओढली तर माकडं तिला झोके घेणार, आणि लाईट गेली की वायरवाला कॅमेरा डोळे मिटणार. म्हणून बिनवायरचा, बॅटरीवरचा घ्यायचा ठरलं.

दुकानदाराने नीट समजावलं. पावसात टिकेल असा घ्या. महिन्याला पैसे भरायला लावतो तो नको, आत कार्ड बसतं तो घ्या. घरातलं वायफाय फाटकापर्यंत पोचतं का, ते आधी बघा. शेवटी बॅटरीचं सांगितलं. काही हललं की हा जागा होतो, तेवढं टिपतो आणि परत झोपतो. असं राहिलं तर दोन-तीन महिने चार्जिंगला बघायला नको. "पण मोबाईल उघडून सारखं लाईव्ह बघत बसलात, तर बघाल तेवढी उतरेल."

सुमन म्हणाली, "मंग बघायचंच न्हाई, तर घ्यायचा कशाला?"

दुकानदाराने चहा मागवला.

* * *

कॅमेरा तीन मोबाईलमध्ये जोडला. माझ्या, सुमनच्या आणि ह्यांच्या. हे म्हणाले, "माझ्यातनं काढ ते." सुमन हो म्हणाली आणि काढलं नाही.

या कॅमेऱ्यातून बोलताही येतं. कुठेही असा, मोबाईलवर बटण दाबून बोला, आवाज फाटकावर येतो. समोरच्या हिराआत्यांची शेळी रोज आमची तुळस खायची. एकदा सुमनला एसटीत बसल्या बसल्या ती मोबाईलवर दिसली. तिने भर गाडीत बटण दाबलं आणि ओरडली, "हाड! तुझ्या मालकिनीला सांगू का?"

शेळीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग तुळशीकडे टक लावून बघत उलट्या पावली मागे गेली. त्यानंतर बरेच दिवस ती आमच्या अंगणात आली नाही.

एसटीत मात्र सुमनच्या शेजारची बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली.

* * *

हिराआत्यांची दोन्ही मुलं शिफ्टला. एक येतो तेव्हा दुसरा निघतो, आणि दोघेही झोपलेलेच बघायला मिळतात. आत्या कॅमेऱ्यापुढे येऊन बसायला लागल्या. आज काय कालवण केलं, गुडघा कसा आहे, सगळं त्याला सांगायच्या. मी म्हटलं, आत्या, तिकडून ऐकायला कुणी बसलेलं नसतं हो.

त्या म्हणाल्या, "नसंना का. मदीच उठून तर जात न्हाई."

त्या दिवशी मेथी निवडताना कुणी हसलं नाही.

* * *

काही हललं की मोबाईल टुणकन वाजतो आणि वर लिहून येतं, 'माणूस दिसला'. सुरुवातीला मी शेतातून पळत घरी यायचे. एकदा तर धापा टाकत आले आणि बघते तो काय, वाऱ्यावर माझंच लुगडं हलतंय!

सुमन म्हणाली, "लुगड्यासाठी कुनी एवढं पळतं व्हय?"

खरं सांगायचं तर मी चोरासाठी कधीच पळाले नाही. माझी लेक अश्विनी लवळ्याला दिली आहे. ओढ्याकाठचा जमिनीचा तुकडा विकायचा ठरला होता, कागद तयार होते, माणसं अंगणात येऊन बसली होती. तिने सही केली नाही. पैसे नकोत म्हणाली, हिस्साही नको म्हणाली. फक्त म्हणाली, "एवढा एक राहू द्या, आबा." व्यवहार मोडला. ह्यांनी चार माणसांत तिला सांगितलं, पुन्हा माझ्या फाटकात पाय ठेवू नको.

दुसरी दिवाळी गेली. हे ड्युटीला गेले की मी तिला फोन करते. घरात तिचं नाव निघत नाही. मोबाईल टुणकन वाजला, की मला मात्र आधी तीच आठवते.

* * *

पुढे बॅटरी पंधरवडाभरही टिकेना. भरावी आणि उतरावी. मी म्हटलं सुमन बघत बसते, सुमन मला म्हणाली तूच बघतेस. एक अख्खी दुपार आम्ही एकमेकींशी बोललो नाही. शेवटी कॅमेरा घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने तपासला आणि म्हणाला, "बॅटरी ठणठणीत आहे. तुमच्यातलं कुणीतरी बघतंय."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "स्वस्तातला माल. दुसरं काय."

पण रविवारी बघते तर शिडी लावून कॅमेरा त्यांनीच उतरवला, चार्जिंगला लावला, आणि परत बसवताना त्याचं तोंड अंगणाकडून रस्त्याकडे वळवलं. मी विचारलं, तर म्हणाले, "चोर काय तुळशीतनं येनार हाय?"

* * *

हा शेवटचा किस्सा मी मेथीपाशी अजून काढलेला नाही. कार्डात तो आहे, म्हणून शब्द न् शब्द सांगते.

चैत्रातली दुपार. मी ओढ्याकाठच्या तुकड्यात गवार तोडत होते, मोबाईल पिशवीत, पिशवी झाडाला. सुमन माहेरी गेलेली, हे ड्युटीवर. घराला कुलूप.

फाटकाबाहेर अश्विनी आली. हातात डबा. मला कळवलंही नव्हतं. ती गेल्यानंतर आम्ही नवं लोखंडी फाटक बसवलंय. त्याला दोन कड्या आहेत, आणि खालची उचलल्याशिवाय वरची सरकत नाही. तिला कुठलं माहीत असणार? ती वरचीच ओढत राहिली. मग "आई" म्हणून एक हाक मारली. थोडा वेळ थांबली. डबा खांबावर ठेवला, ओढणीने तोंड पुसलं आणि परत जायला वळली.

तेवढ्यात कॅमेऱ्यातून आवाज आला.

"खालची कडी आधी उचल."

ती जागच्या जागी थांबली. मागे वळली नाही.

"खालची. मंग वरची सरकती."

ती वळली. खालची उचलली, वरची सरकवली. फाटक उघडलं, पण पाय आत टाकेना. खांबावरचा डबा उचलून छातीशी धरून तशीच उभी.

"आत ये. ओट्यावर सावली हाय. आई ओढ्याला गेलीया, यील."

तिने पाय आत टाकला.

"आन कडी लावून घे," हे म्हणाले. "आत्याची शेळी येती."