तबेल्यातला डॉक्टर

“टांग उठाव.”

मी ट्रॅकपँट गुडघ्याच्या वर ओढली आणि पाय लाकडी स्टुलावर ठेवला. मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या अंगाला, मालकांचा तबेला होता. मालकांना दोन नाद, घोडे आणि फुटबॉल. संघ त्यांचा. मी त्या संघाचा फॉरवर्ड. आणि माझा गुडघा दाबून बघणारा माणूस त्यांच्या घोड्यांचा डॉक्टर होता. त्याने हातसुद्धा धुतला नव्हता. घोड्याच्या घामाचा आणि कसल्याशा मलमाचा वास येत होता त्या हाताला.

मालकांचे मित्र खुर्च्या टाकून चहा पीत बसले होते. त्यांतला एक म्हणाला, “साब, दाँत भी देख लेना. उमर छुपाते ये लोगां.”

सगळे हसले. मीही हसलो. मालक हसतात तेव्हा हसायचं असतं.

मी मोठा खेळाडू नव्हतो. वाढवून सांगणं मला जमत नाही, म्हणून आधीच सांगतो. सोळा वर्षांत नऊ संघ. गोवा, कोलकाता, केरळ, पंजाब आणि शेवटी घरी, हैदराबादला. करार नेहमी एका मोसमाचा. गोलकडे पाठ करून चेंडू अडवायचा, मागून पोटऱ्यांवर लाथा खायच्या, ही माझी जागा. गोल झाला तर टिकलो. नाही झाला तर ती जर्सी दुसऱ्याच्या अंगावर.

आमच्यासारख्या फिरत्या खेळाडूंची एक रीत असते. दुखणं लपवायचं. नव्या संघाच्या चाचणीला जाताना गुडघ्याची पट्टी पिशवीत तळाशी. जिना उतरताना सगळ्यांच्या मागे राहायचं, म्हणजे लंगडणं दिसत नाही. शेजारी बूट बांधणाऱ्याला ‘पाय कसा आहे?’ असं कुणी विचारत नाही. विचारलं तरी कुणी खरं सांगत नाही.

म्हणून डॉक्टरने सुई काढली तेव्हा मी काही विचारलं नाही. त्याने टोचली. दुखणं गेलं. दुसऱ्या दिवशी मी धावलो, गोलही केला. पण पाय जमिनीवर पडतोय हे मला कळत नव्हतं. दुसऱ्या कुणाचा तरी पाय लावून धावतोय असं वाटत होतं.

मग औषध उतरलं. अंबरपेठेत आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. मी कठड्याला धरून, पायरीवर बसत बसत वर गेलो. बायको दारात उभी.

“अहो, काय टोचलंय त्यांनी?”

“विचारलं नाही.”

“भाजीवालीला दहा प्रश्न विचारता तुम्ही. वांगं कुठलं, कालचं की आजचं. आणि अंगात काय घातलं ते विचारलं नाही?”

मी आत जाऊन गुडघ्यावर बर्फ ठेवला.

उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी मालकांनी पुन्हा तबेल्यात बोलावलं. या वेळी आमचा राखीव फॉरवर्डही होता, केरळचा पोरगेला खेळाडू, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याचा घोटा सुजला होता. शेजारच्या ठाणात एक तपकिरी घोडी उभी होती. पुढच्या पायाला पट्टी. तो पाय ती टेकवत नव्हती, नुसता टेकल्यासारखा करून उचलत होती. माझी पाळी यायच्या आधी तिला टोचलं. त्याच डॉक्टरने, त्याच पेटीतून औषध घेऊन. थोड्या वेळाने तिने पाय पूर्ण टेकला.

“चलो मियाँ, टांग उठाव,” मालक म्हणाले.

मी पाय उचलला नाही. डॉक्टरला विचारलं, “इसमें क्या है, डॉक्टर साब?”

डॉक्टरने माझ्याकडे बघितलंच नाही. मालकांकडे बघितलं. मग सुई उजेडात धरून, थेंब उडवत, अगदी सहज बोलला, “मैं मालिक को बताता. जिसको लगाता उसको बताने की आदत नै मेरी.”

चेष्टा नव्हती ती. तो खरं तेच सांगत होता. त्या तबेल्यात बोलता येणारा एकही प्राणी त्याच्यापुढे आजवर उभा राहिला नव्हता. मीही तिथे आजवर तोंड उघडलं नव्हतं.

मी ट्रॅकपँट खाली सोडली. “नक्को.”

“कैकू?” मालक.

“मेरा पाँव है. मेरे को बताव, फिर लगाव.”

मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कप बशीत ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, “सोच ले. इसके बाद इस शहर में ग्राउंड के बाहरिच खड़े रहना पड़ता.”

मालकांचं बोलणं संपायच्या आत केरळचा तो पुढे येऊन स्टुलावर पाय ठेवून उभा राहिला. मी त्याचा दंड धरला. “पहले पूछ रे.”

तो माझ्या कानाशी पुटपुटला, “भैया, पहली बार जगह मिल रही है.”

त्याला टोचलं. संघ जिंकला. मला संघातून काढलं, आणि दुसऱ्या कुठल्याही संघाचा फोन आला नाही. पुढच्याच सामन्यात मी तिकीट काढून बाकांवर बसलो होतो. तो चेंडूमागे एकटाच धावत होता. जवळपास कुणी नव्हतं, कुणाचा धक्का नाही, पाय नाही. तरी घोटा वाकडा होऊन तो कोसळला आणि त्या पायावर पुन्हा उभाच राहू शकला नाही. मालक तेव्हा फोनवर बोलत होते. बोलणं थांबवलं नाही त्यांनी.

आता मी विद्यानगरात एका शाळेत खेळ शिकवतो, आणि तिथले आईबाप मला ओळखतात. गेल्या आठवड्यात मालकांचा माणूस घरी आला. मालक लहान मुलांची अकादमी काढतायत. मुख्य प्रशिक्षक म्हणून मी हवा. “आपका नाम सुनके माँ-बाप बच्चों को भेजते,” तो म्हणाला. मी विचारलं, डॉक्टर कोण? त्याने सँडल घालता घालता सांगितलं, “वोइच. घर का आदमी है.” मग दारातून वळून म्हणाला, “आपकी बिटिया भी खेलती ना? अकेली आती-जाती, हमारे लोगां देखते.”

तो गेल्यावर बायकोने कडी लावली. मी ती काढली.

रविवारी पालकांची सभा आहे. मालक, डॉक्टर, सगळे मंचावर असतील. मी जाणार. नोकरी घ्यायला नाही. पहिल्या रांगेत मुलीला शेजारी घेऊन बसणार, आणि माईक हाती आला नाही तर माईकशिवाय बोलणार. मालकांचं नाव घेणार, डॉक्टरचं घेणार, त्या केरळच्या खेळाडूचंही घेणार. एकही मूल त्यांच्या हाती लागू देणार नाही.