आतलं भांडं

"भात टाकलाय, हलता येत न्हाई."

सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागल्यावर मी ज्या मेसमध्ये जेवायचो, तिथल्या काकूंचं हे वाक्य. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला, लग्नाची पत्रिका धरून दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला, फोनवर भावाला, सगळ्यांना त्या हेच सांगायच्या. आणि सांगताना मागे वळून पाहायच्या नाहीत. तोंड शेगडीकडे, हात पातेल्यावर झाकलेल्या परातीवर.

त्यामुळे पहिले काही महिने मी त्यांचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता. पाठ मात्र चांगली ओळखीची झाली होती. त्याही आम्हाला आवाजावरून ओळखायच्या. "दादा, घसा बसलाय तुमचा. आज ताक नगा घेऊ," असं पाठमोऱ्याच म्हणायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. घरात, दुकानात, कुठल्या तरी काउंटरमागे. ती एका जागी इतकी पक्की बसलेली असतात की ती जागा सोडून त्यांना दुसरं काही असेल, हे आपल्या मनातच येत नाही.

मेस म्हणजे पत्र्याचा एक लांबट गाळा. पुढे टेबलं, मागे स्वयंपाक, मध्ये अर्धी भिंत. खिडकी नव्हती. कंपन्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या वेळी सुटत, त्यामुळे एक पातेलं उतरलं की दुसरं चढायचं. जरा लक्ष गेलं की खालून करपायचं, आणि करपलेला वास आला की बाहेरून काकांचा आवाज यायचा, "काय गं, झोपलीस का?" काका म्हणजे काकूंचे यजमान. ते पुढे बसून ताटं मोजायचे, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. वाईट माणूस नव्हता. पण शेगडीपाशी जायची वेळ आली की त्यांना नेमकं बाहेर काम निघायचं.

मी पाथर्डीकडचा, बाजरीच्या भाकरीवर वाढलेला. भात आमच्याकडे सणाला किंवा आजारपणात. काकू अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या, भाताच्या मुलखातल्या. मी ताटात भात तसाच ठेवला की त्यांना लगेच कळायचं. "तुमाला भात उतरत न्हाई घशाखाली, व्हय ना? आमच्याकडचा खाल्ला असता तर भाकरी इसरला असता." एकदा विचारलं, "माहेरी जाता की नाही?" पाठ जरा थांबली. "लेकीच्या लग्नाआधी गेल्ते," त्या म्हणाल्या. लेकीला तेव्हा मूल झालेलं होतं.

थंडीत त्यांची आई अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं. भाऊ रोज फोन करायचा आणि काकू फोन खांद्यात धरून परातीखाली वाकून बघायच्या. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर मी हात धुवायला मागे गेलो, तेव्हा फोन नुकताच संपला होता.

"बरी आहे का आई?" मी विचारलं.

"हाय." फोन ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "भाऊ-भावजय शेतावर जातात. तिला उठता येत न्हाई. आत कुत्री शिरतात म्हनून भायरून कडी लावून जातात. त्यांचाबी विलाज न्हाई ओ. दिवसभर आत पडून असती. पान्याचा तांब्या हाताशी ठिवतात."

मी नळ बंद केला. जे सुचलं ते बोललो. आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये भाताचा मोठा इलेक्ट्रिक कुकर होता, त्याच्याबद्दल सांगितलं. तांदूळ-पाणी घालायचं, बटण दाबायचं. शिजला की आपोआप बंद होऊन गरम राहतो. बघत बसावं लागत नाही.

काकू पहिल्यांदा पूर्ण वळल्या. "म्हंजे मी नसले तरी?"

"तुम्ही नसलात तरी."

त्यानंतर त्यांनी काकांच्या मागे असा काही धोशा लावला की कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं नगरला बाजारात निघालो. वस्तूतलं कळतं म्हणून मला बरोबर घेतलं होतं. खरं तर मलाही कळत नव्हतं.

दुकानदाराने एकेका कुकरचं झाकण उघडून आतलं भांडं बाहेर काढून मांडलं. बाहेरून सगळे सारखेच, फरक काय तो आतल्या भांड्यात, असं त्याचं म्हणणं. पहिलं होतं काळ्या नॉनस्टिक लेपाचं. काका खूश झाले. "बघ, शीतबी चिकटणार न्हाई."

"फक्त लाकडी चमचा वापरायचा," दुकानदार म्हणाला. "आणि धुताना मऊ स्पंज. तार लावली की लेप गेला."

काकूंनी भांडं हातात फिरवलं. "आन् मी नसताना? मावशी तारेच्या घासणीशिवाय भांडं धरत न्हाईत. लाकडी चमचा तर यांना सापडायचाबी न्हाई."

मावशी म्हणजे मेसची भांडी घासणाऱ्या बाई. दुकानदाराने ते भांडं बाजूला सारून साध्या ॲल्युमिनियमचं पुढे केलं. हलकं, पटकन तापणारं. मात्र त्यात आंबट काही करायचं नाही, काळं पडतं. आणि आपटून बुडाला पोचा आला की खालच्या तापणाऱ्या तव्यावर नीट बसत नाही, मग भात एकीकडे कच्चा राहतो.

"मी नसले की हे त्यात आमटी करतील," काकू म्हणाल्या. "चिंच घालून. आन् मावशींच्या हातून दिवसाला दोन भांडी पडतात."

तिसरं पांढऱ्या सिरॅमिक लेपाचं होतं. दिसायला इतकं सुरेख की काकूंनी त्यावरून पदराचं टोक फिरवलं. पण टवका उडतो का, हे विचारल्यावर दुकानदार जरा घुटमळला, तेव्हा त्यांनी ते स्वतःच परत ठेवलं.

शेवटचं स्टीलचं. जाड बुडाचं, जड. दुकानदाराला ते विकायची इच्छा दिसत नव्हती. "स्टीलला भात खाली धरतो, बाई. आतून तेलाचा हात फिरवावा लागतो, तांदूळ आधी भिजवावा लागतो. नाहीतर तुम्हीच परत घेऊन याल."

"घासलेलं चालतं?"

"कसंही घासा."

"आपटलं तर?"

"त्याला काय होतंय!"

"मग हेच द्या," काकू म्हणाल्या. काका म्हणाले, "अगं, तो सांगतोय चिकटतं म्हनून, आन् तू तेच घेतीस?" काकू त्यांच्याकडे न बघता दुकानदाराला म्हणाल्या, "तेल लावायचं शिकवता येईल. घासणी हातातनं काढून घेता यायची न्हाई."

काकांना वाटलं, बाईमाणसाचा हट्ट. दुकानदारालाही तसंच वाटलं असावं. मला मात्र परतीच्या गाडीत, मांडीवर खोकं घेऊन बसलेल्या काकूंकडे बघताना कळलं की तासभर त्या एकच गोष्ट विचारत होत्या. चारही भांडी त्यांनी त्या स्वयंपाकघरात स्वतः नाहीत असं धरूनच पारखली होती.

पहिले काही दिवस भाताची दशा झाली. वर फडफडीत, खाली करपून धरलेली खरपुडी. काका पुढे बसून सगळ्यांना सांगायचे, "दुकानदार सांगत हुता, ऐकतंय कोन." काकू ऐकून घ्यायच्या. हळूहळू पाणी जमलं, भिजवायची वेळ जमली. मग त्यांनी काकांना आत बोलावलं. "आज तुमी लावा." काका हसले, पण लावला. काकू हात पदरात गुंडाळून शेजारी उभ्या राहिल्या. काका चुकले तरी त्यांनी हात बाहेर काढला नाही. फक्त सांगायच्या, "तेल. कडंला पन." दोन-चारदा असं झाल्यावर काकांनी लावलेला भात आम्ही जेवलो आणि कुणाला काही कळलं नाही. त्या दिवशी काकूंनी भावाला फोन केला, "रविवारी येते."

त्याच आठवड्यात शेजारच्या कंपनीने दुसऱ्या पाळीच्या जेवणाचं विचारलं. काका हो म्हणून आले. आम्ही जेवत होतो, अर्ध्या भिंतीपलीकडे त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"भाताची कटकट तर गेलीच की. आता तुझे हात मोकळेच हायेत."

"मी रविवारी जानार हुते."

"जा की. जायला कुठं न्हाई म्हनतोय? पन हे जरा बसू दे. दिवाळीला जा, चांगली चार दिवस ऱ्हा."

"बरं," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून कुकर एका कोपऱ्यात आपला भात शिजवत राहायचा आणि काकू शेगडीपाशी चपात्या लाटत राहायच्या. पूर्वी दोन पातेल्यांच्या मध्ये थोडी उसंत असायची, तीही गेली. उन्हाळा सुरू झाला. पत्रा तापला की मागच्या भागात उभं राहवत नसे. ब्लाउज पाठीला चिकटलेला असायचा. फोन आला की त्या आता भाताचंही कारण सांगत नव्हत्या. "न्हाई जमत," एवढंच म्हणून ठेवायच्या. एकदा मी बळेच म्हटलं, "काकांना पुन्हा सांगून बघा." त्या म्हणाल्या, "सांगून झालं, दादा. त्यांनी गाळ्याचा करार वाढवलाय. तेबी अडकलेत. मी कुनाला सांगू?"

एप्रिलमधली गोष्ट. मी दुसऱ्या पाळीला निघालो होतो. सुप्याच्या स्टँडवर, रसवंतीच्या सावलीत एक बाई उभी दिसली. ओळखीची वाटली, पण शेगडीपासून दूर चटकन ओळख पटेना. अंगावर धुवट इस्त्रीची साडी, कपाळाला कुंकू, हातात कापडी पिशवी. मग त्याच म्हणाल्या, "दादा, पाळी का?"

बाजाराच्या दिवशीही माझं लक्ष भांड्यांकडेच होतं. त्यांच्या गालावर वांगाचे डाग आहेत आणि डोळे घारे आहेत, हे मला तेव्हा कळलं.

"काकू! इथे कशा?"

"नगरची गाडी बघतेय. तिथनं अकोल्याची धरीन."

"काकांना...?"

"चपात्या लाटून ठेवल्यात. भाजी झालीय. कुकरचं बटन दाबूनच निघाले. मावशींना सांगितलंय." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "ते मागं यायच्या आत गाडी आली पाहिजे. आले तर मी परत फिरंन. मला माहिती हाय माझं."

म्हणजे त्यांना भीती काकांची नव्हती, स्वतःची होती. आम्ही दोघंही मेसच्या वळणाकडे बघत उभे राहिलो. माझी कंपनीची गाडी येऊन गेली, मी चढलो नाही. एकदा एक माणूस वळणावरून लगबगीने येताना दिसला आणि काकूंनी माझी बाही घट्ट धरली. तो दुसराच कुणी निघाला. मग एसटी आली. काकू चढल्या. गाडी भरलेली होती, त्या उभ्याच राहिल्या, आणि दार लागल्यावर मला दिसेनाशा झाल्या.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये भात काकांनी वाढला. पाणी जास्त झालं होतं. आम्ही तो तसाच ताकात कालवून खाल्ला. माझ्या टेबलापाशी येऊन ते हळूच म्हणाले, "सांगून गेली असती तर मी न्हाई म्हनलो असतो का?" त्यांनी माझ्या ताटातली चपाती उगाच सरळ केली. "सांगितलं हुतं म्हना. लई वेळा सांगितलं हुतं."

त्यांनी नव्या पाळीच्या जेवणाचं काम सोडून दिलं. चपात्यांना एक बाई ठेवली. महिन्याभराने एकदा ते अकोल्याला जाऊन आले. आम्हाला वाटलं, काकूंना घेऊन येतील. आले ते एकटेच, सोबत तांदळाचं गाठोडं घेऊन. "सासूबाई धरून चालायला लागल्यात," एवढंच सांगितलं. चेहऱ्यावरून राग आहे की दुसरं काही, ते कळलं नाही. भात मात्र ते त्यानंतर रोज स्वतः लावत. तो चांगला होत असे.

पुढे मला चाकणला नोकरी लागली आणि सुपं सुटलं. काकू तोवर आल्या नव्हत्या. नंतर आल्या का, मला माहीत नाही. निघण्याआधी काकांकडून नंबर घेऊन मी त्यांना एकदा फोन केला. जुलै होता. पलीकडून आधी पावसाचा आवाज आला, मग बायकांची गडबड, मग काकू.

"दादा? भाताची लावनी चाललीय ओ. गुडघ्याएवढ्या चिखलात हाय. फोन भावजयीनं कानाला धरलाय."

"आई कशी आहे?"

"बांधावर बसवलीय. छत्री दिलीय हातात. भावानं पाठीवर घेऊन आनली." मागून एक म्हातारा, चिरका आवाज काही तरी ओरडत होता. काकू हसायला लागल्या. "ऐकलं का? रोपं लांब-लांब लावताय म्हनून शिव्या देती आमाला. सकाळपासनं गप बसली न्हाई."