यज्ञेश्वररावांची गळती

"अहो, ती कणीक पोळ्यांची होती!"

"अर्धीच घेतली. भेगा फार आहेत."

श्यामलाबाईंनी आधी परातीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. चौकटीभोवती कणकेची वळी इतकी सफाईने बसवली होती, की या माणसाने जन्मात एक करंजी मुरडलेली नाही हे कुणाला खरं वाटलं नसतं.

यज्ञेश्वररावांची नोकरी घरोघरचे विजेचे मीटर वाचण्यात गेली. चौतीस वर्षांत त्यांना एकच गोष्ट कळली, लोक वीज वाया घालवतात. त्यामुळे श्रीधरने, म्हणजे मुलाने, खराडीहून ए.सी. पाठवला, तेव्हा नारायण पेठेतल्या या ऐंशी वर्षांच्या घरातून होणारी हवेची गळती थांबेपर्यंत तो चालू करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. आज अकरावा दिवस. ए.सी. भिंतीवर, प्लॅस्टिकमध्येच. दारांवरच्या झडपांत जुनी पातळं कोंबलेली. माजघरातली एक तेवढी हात पोचेना म्हणून उघडी. भर वैशाखात घराचा कुकर झाला होता.

"चारला सुतार येतोय. ही खिडकी कायमची ठोकून टाकू."

श्यामलाबाई खिडकीपाशी आल्या. हातभर बोळापलीकडे कुसुमची खिडकी. चाळीस वर्षं भाजीच्या वाट्या आणि सुनांची गाऱ्हाणी इथूनच गेली-आली होती.

"मग मी बोलायचं कुणाशी?"

"मी आहे ना."

"तेच म्हणतेय."

यज्ञेश्वररावांनी ऐकलंच नाही. ते पेटती उदबत्ती चौकटीभोवती फिरवत होते. धूर हलला की तिथे भेग, अशी त्यांची तपासणी. इतक्यात खिडकी बाहेरून खाड्कन ओढली गेली आणि कणीक ओट्यावर पडली.

"भावोजी, आठवडाभर काचेतून बघतेय, खिडकीला ओवाळताय. म्हटलं, नैवेद्य तरी नको का?" कुसुमने गजांतून शिऱ्याची वाटी आत सरकवली. "नवस कसला बोललात?"

वाटीपाठोपाठ बोळातली गार झुळूक आली. धूर सरळ माजघरात गेला, वर चढला आणि उघड्या झडपेतून बाहेर पडला. अकरा दिवसांत प्रथमच यज्ञेश्वररावांच्या कपाळावरचा घाम वाळला.

"बघ, बघ! केवढी गळती!"

"याला वारा म्हणतात," श्यामलाबाई म्हणाल्या.

यज्ञेश्वररावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं, पण त्यात आधी शिरा गेला.

"सुतार ए.सी. उतरवेल आणि झडपा मोकळ्या करेल. खिडकी उघडी राहील," श्यामलाबाईंनी सांगून टाकलं. "आणि आज पोळ्या नाहीत."